यातली आपली कुठली

दंतवैद्याने शनिवारी संध्याकाळी गाडी धुतली, पुसली, आणि पुसून झालेली गाडी पुन्हा पुसायला घेतली. बायको गॅरेजच्या दारात उभी राहून बघत होती.

"पुरे आता. गुदगुल्या होत असतील तिला," ती म्हणाली.

"उद्या बाबा बसणार आहेत तिच्यात."

"बाबांना दिसत नाही."

"हात तर लावतील ना."

उद्याच्या दिवसाचा विषय घरात कुणीच फार ताणत नव्हतं.

गाडी लाल रंगाची, दोन दारांची, जुनी अल्फा रोमिओ. दंतवैद्याचे वडील बंदरात पायलट होते. बाहेरून आलेल्या जहाजावर चढायचं आणि ते अरुंद वाटेने धक्क्यापर्यंत सुखरूप आणून लावायचं, हे त्यांचं काम. अशाच एका जहाजाचा चीफ इंजिनिअर कायमचा आपल्या देशी परत निघाला, तेव्हा त्याच्याकडून त्यांनी ही गाडी घेतली. घरात तेव्हा धड सोफा नव्हता. आईने आठवडाभर अबोला धरला आणि मग सगळ्यात आधी तीच पुढच्या सीटवर जाऊन बसली. पुढे आई गेली. मग काचबिंदूने बाबांची नजर हळूहळू नेली आणि गाडी पत्र्याच्या शेडमध्ये गंजत पडली.

ती दंतवैद्याने बाहेर काढली आणि मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये नेऊन टाकली. तिथे ती बरीच वर्षं होती. दंतवैद्याचा स्वभाव धंद्याला साजेसा होता. किडलं की काढायचं, हललं की काढायचं, शंका आली तरी काढायचं. इंजिन थकलं होतं, त्याने त्याच मॉडेलचं कमी चाललेलं इंजिन गिअरबॉक्ससकट मिळवलं. कार्बोरेटर बदलले, सायलेन्सर बदलला, दारं नवी बसवली, सीटवर नवं चामडं चढवत बसायला नको म्हणून सीटच नव्या घेतल्या. मिस्त्री दर वेळी विचारायचा, "जुन्याचं काय करू, डॉक्टर?" आणि दंतवैद्य दर वेळी म्हणायचा, "घेऊन जा." काढलेला दात बरोबर नेण्याचा आग्रह धरणारे पेशंट त्याला नेहमीच विचित्र वाटत आले होते.

गाडी तयार झाली त्याच सुमारास बाबांचं बिनसायला लागलं. निदान ताईचं म्हणणं तसं होतं. ताई, त्याची थोरली बहीण, दुसऱ्या शहरात राहायची. महिनाभर येऊन राहिली आणि जाताना गंभीर होऊन गेली. बाबा नळ उघडा ठेवतात. एकदा केलेली चौकशी पुन्हा करतात. जेवून उठल्यावर जेवायचं कधी म्हणून विचारतात. तिच्या घराजवळ अशा माणसांची काळजी घेणारी एक चांगली संस्था होती, आणि तिथे एक खोली रिकामी झाली होती. हो की नाही, ते रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

"त्यांना काहीही झालेलं नाही," दंतवैद्य फोनवर म्हणाला होता.

"तू दिवसभर लोकांच्या तोंडात डोकं घालून असतोस. घरात काय चाललंय ते तुला काय कळणार?"

"बरं, असं करू. रविवारी मी त्यांना गाडीत बसवतो. गाडी तयार झाली हे त्यांना ठाऊकच नाही. जन्मभर चालवलीय त्यांनी. हात लावल्या लावल्या ओळखतील."

"आणि नाही ओळखली तर?"

दंतवैद्य म्हणाला, "तर तुझं खरं." बोलून बसला.

रविवारची मंडळी शीतगृहामागच्या आवारात जमायची. आठवडाभर तिथे मालाचे ट्रक असत, रविवारी नुसतं गुळगुळीत काँक्रीट. मंडळी म्हणजे जुन्या इटालियन गाड्यांचे मालक. आर्किटेक्टची पिवळी लान्चिया. वकिलाची निळी, उघड्या टपाची फियाट. आणखी चार-पाच. नव्या माणसाने लान्चियाचा उच्चार चुकवला की आर्किटेक्ट त्याला हाताला धरून बाजूला घ्यायचा आणि नीट बोलता येईस्तोवर सोडायचा नाही. रिवाज असा होता की सगळे आले की सगळ्यांची बॉनेटं एकदम उघडायची, आणि मग एकेकाने आपल्या गाडीची एक गोष्ट सांगायची. गोष्ट खरी असावी अशी अट नव्हती. दुसऱ्याच्या गोष्टीला हसायचं नाही, एवढीच होती.

त्या दिवशी दंतवैद्याची गाडी पहिल्यांदाच मंडळीत आली. वकिलाने तिच्याभोवती फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "डॉक्टर, एक ओरखडा तरी ठेवायचा हो. दृष्ट लागेल."

मिस्त्रीही आला होता. तो कपात चहा घेऊन कडेला उभा होता. एवढ्या गाड्यांपैकी बहुतेकींची पोटं त्यानेच कधी ना कधी उघडली होती.

थोड्या वेळाने बायको घरच्या रोजच्या गाडीतून बाबांना घेऊन आली. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. आवारात पाऊल टाकताच त्यांनी नाक वर केलं. "पेट्रोल. आणि इथे कुठेतरी बटाटे आहेत," ते म्हणाले. बटाटे शीतगृहात होते. दंतवैद्याने बायकोकडे विजयाने पाहिलं.

त्याने बाबांचा हात धरून त्यांना लाल गाडीपाशी आणलं. मंडळी न सांगताच गोळा झाली. दंतवैद्याने दार उघडलं, बाबांना चालकाच्या सीटवर बसवलं आणि दार लावलं. दार "टप्" असा सुरेख आवाज करून लागलं. त्या आवाजासाठी तो मिस्त्रीशी चार वेळा भांडला होता.

बाबांनी स्टिअरिंगवर हात ठेवले. मग डॅशबोर्डवरून फिरवले. मग मांडीवर घेतले.

"चालू करू का?" दंतवैद्याने खिडकीतून वाकून विचारलं.

"कर की."

त्याने हात आत घालून चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात लागलं आणि एकसारखं गुरगुरू लागलं. आर्किटेक्टने डोळे मिटून मान डोलावली.

बाबा थोडा वेळ ऐकत राहिले. "छान आहे," ते म्हणाले. "कुणाची?"

मंडळी हसली. म्हातारा थट्टेखोर आहे अशी सगळ्यांची समजूत झाली. दंतवैद्यही हसला, पण हसू ओठांपाशीच राहिलं.

"आपली, बाबा."

"आपली? आपण दुसरी घेतली?"

"दुसरी नाही. आपलीच. आपली अल्फा."

बाबांनी पुन्हा स्टिअरिंगवर हात ठेवले. पायलट म्हणून ते हजारो परक्या जहाजांवर चढले होते. परक्या जहाजावर कसं वागायचं हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. त्यांचा चेहरा आता तसाच झाला, सभ्य आणि सावध.

"चांगली ठेवलीय," ते म्हणाले. "मालकाला सांग."

परीक्षेत उत्तर सांगण्यासारखं आहे हे कळत असूनही दंतवैद्य सांगू लागला. "बाबा, ताईला पहिल्यांदा कॉलेजात सोडायला हिच्यातूनच गेलो होतो. आई इथे बसायची. इथे, या बाजूला. आठवतंय ना?"

"आई तिथेच बसायची," बाबा म्हणाले. "ते आठवतंय."

"मग?"

बाबांनी आवाजाच्या रोखाने मान वळवली. मुलाच्या आवाजातलं काकुळतीला येणं त्यांना ऐकू आलं असावं. "असेल," ते म्हणाले. "तू म्हणतोस तर असेल तीच."

"बघा, ओळखली," बायको पटकन म्हणाली. तिला हा विषय इथेच संपायला हवा होता. मंडळींपैकी एकाने टाळ्याही वाजवल्या. दंतवैद्याने इंजिन बंद केलं. कुणी बारकाईने विचारलं नसतं तर हे "असेल" ताईच्या गळी उतरवता आलं असतं. पण ताई बारकाईने विचारणार हे त्याला माहीत होतं. आणि तिने विचारलं नसतं तरी त्याला स्वतःला खरं काय ते कळलंच होतं.

इतक्यात फाटकातून एक गाडी खडखडत आत आली. तीही अल्फा, त्याच मॉडेलची. पण दारं विटक्या लाल रंगाची, बॉनेट हिरवं, एक मडगार्ड राखाडी, आणि बाकीच्या अंगावर रंगाआधी मारतात तो नुसता प्रायमर. बेकरीवाली बाई आली होती. रविवारी सकाळची भट्टी उतरवल्याशिवाय तिला निघता यायचं नाही, म्हणून ती नेहमीच उशिरा यायची. मंडळीत ती नवी होती. तिच्या गाडीला वकील "गोधडी" म्हणायचा. तोंडावर म्हणायचा, आणि तिला ते आवडायचं.

बाबांची मान वर झाली.

"आली," ते म्हणाले.

"कोण आली?"

"आपली गाडी. इतका वेळ कुणाला दिली होतीस?"

कुणी हसलं नाही. बायकोने दंतवैद्याच्या दंडाला हात लावला. बाबांनी चाचपडत दाराची कडी शोधली, ती हवी तिथे सापडेना म्हणून चिडून दारावर थाप मारली. दंतवैद्याने दार उघडून दिलं. बाबा उतरले आणि हात पुढे करून आवाजाच्या दिशेने चालू लागले. दंतवैद्य मागोमाग गेला. आता संपलं, असं त्याच्या मनात येत होतं. लाखभर मैल चालवलेली गाडी ओळखली नाही, आणि एक ठिगळांचं खटारं ओळखलं. ताईचं खरं.

बेकरीवाली इंजिन चालू ठेवूनच उतरली होती. "काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. माझे वडील. त्यांना जरा..." दंतवैद्य म्हणाला.

"बसू का?" बाबांनी तिला विचारलं.

"बसा ना, काका."

बाबा सीटवर बसले आणि डावीकडे किंचित सरकले, सीटमध्ये काहीतरी टोचत असावं तसे. विटकं लाल दार त्यांनी ओढलं, लागायच्या आधी जरासं वर उचललं आणि मग लावलं. बेकरीवालीच्या भुवया वर गेल्या.

"ते दार कुणालाच लागत नाही," ती म्हणाली. "मला महिना लागला शिकायला."

बाबांचा उजवा हात स्टिअरिंगच्या लाकडी कडेवरून फिरत एका जागी थांबला. तिथे एक खाच होती, गुळगुळीत झालेली. बाबांनी बोटातली अंगठी त्या खाचेत टेकवली. बसली. मग गिअरच्या दांड्यावर हात ठेवून तो हलवून पाहिला. "तिसऱ्यात घालताना जरा थांबावं लागतं. घाई केली की ओरडते," ते म्हणाले.

"हो!" बेकरीवाली म्हणाली. "तुम्हाला कसं माहीत?"

दंतवैद्य खिडकीतून त्या खाचेकडे पाहत होता. हे स्टिअरिंग त्याने पाहिलं होतं. कुठे पाहिलं होतं ते आठवायला त्याला फार वेळ लागला नाही. ते काढताना तो स्वतः हजर होता. लाकूड चिरलंय, नवं बसवू, असं तोच म्हणाला होता.

"ही गाडी तुम्ही कुठून घेतलीत?" त्याने विचारलं.

"घेतली नाही, जमवली. नुसता सांगाडा मिळाला होता भंगारात. बाकी सगळं मिस्त्रींकडून. इंजिन, गिअरबॉक्स, सीटा, दारं, सगळं. आज एक, उद्या एक." ती अभिमानाने सांगत होती. मंडळीतली तिची गोष्ट हीच होती. एवढ्यात तिने दंतवैद्याचा चेहरा पाहिला आणि ती थांबली.

सगळ्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने कपातला चहा संपवला.

"तुम्हीच म्हणालात घेऊन जा," तो म्हणाला. "दर वेळी म्हणालात. मी दर वेळी विचारलं."

"अरे, पण मला सांगायचं तरी!"

"काय सांगायचं? तुम्ही टाकलेलं सामान चाललं म्हणून? तुमचा अपमान नसता का झाला?"

मग मंडळींनी वाद घातला. अशी संधी त्यांना परत मिळणार नव्हती. वकील म्हणाला, कायद्याने बाबांची गाडी म्हणजे लाल गाडी, कारण सांगाड्यावर ठोकलेला नंबर तिच्यावर आहे. आर्किटेक्ट म्हणाला, नंबर म्हणजे घराच्या दारावरची पाटी, आतली माणसं दुसरीकडे राहायला गेली असतील तर पाटीला काय चाटायचंय? वकील म्हणाला, मग तुमच्या लान्चियाचं इंजिन बदललेलं आहे, ती लान्चिया नाही म्हणायची का? आर्किटेक्टने आधी उच्चार सुधारला आणि मग तो चिडला. कुणीतरी मिस्त्रीला विचारलं, खरी कुठली? मिस्त्री म्हणाला, "माझ्या हातून दोन्ही गेल्यात. मला विचाराल तर दोन्ही चालतात." हे उत्तर कुणालाच पुरलं नाही.

दंतवैद्याला त्यातलं फारसं ऐकू येत नव्हतं. बाबांचं डोकं ठिकाणावर होतं. इथल्या सगळ्यांपेक्षा ठिकाणावर होतं. या आनंदाने त्याला ओरडावंसं वाटत होतं. आणि त्याच वेळी मागे उभी असलेली लाल गाडी, जिच्यावर त्याने एवढ्या सुट्ट्या घातल्या, ती बाबांच्या लेखी कुणा परक्याची होती. त्याने वडिलांची गाडी वाचवली होती की मोडली होती? आनंद करावा की वाईट वाटून घ्यावं, हे ठरेना म्हणून तो खिशात हात घालून उभा राहिला.

बेकरीवाली त्याच्याजवळ आली. "डॉक्टर," ती हळू आवाजात म्हणाली, "परत मागणार नाही ना तुम्ही?"

"काय?"

"हे सगळं. इंजिन वगैरे."

ही शक्यता त्याच्या डोक्यातही आली नव्हती. तो उत्तर द्यायच्या आत बाबा आतून म्हणाले, "गाडी तुमची का, बाई?"

"हो, काका. म्हणजे... माझीच."

"मग चला. एक चक्कर मारून आणा. चालवा तुम्ही, मी बाजूला बसतो."

बाबा सरकून पलीकडच्या सीटवर गेले. आई बसायची त्या. गोधडी खडखडत शीतगृहाला वळसा घालून गेली. ती दिसेनाशी झाल्यावरही दंतवैद्याला तिचा आवाज ऐकू येत होता. तिसऱ्या गिअरपाशी ती थांबली, ओरडली नाही. आवाज ओळखीचा होता. लहानपणी रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तो ज्याची वाट बघायचा, तोच. म्हणजे ओळखायला त्यालाही आली असती. त्याने कधी कान दिला नव्हता इतकंच.

परतल्यावर बाबा उतरले. चेहरा खुलला होता. "मिस्त्री कुठेय?" त्यांनी विचारलं. मिस्त्री पुढे झाला. "उद्या सकाळी जहाज आहे. गाडी लवकर तयार ठेव."

"ठेवतो, साहेब," मिस्त्री म्हणाला.

दंतवैद्याने बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा होती का? बाबा थट्टा करताना गंभीर असत आणि गंभीर असतानाही गंभीरच असत. निवृत्त होऊन त्यांना पंचवीस वर्षं झाली होती. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. मिस्त्रीला विचारावं म्हणून वळला तर तो कप विसळायला निघून गेला होता.

बाबा घरी लाल गाडीतूनच गेले, कारण दंतवैद्याने तसा हट्ट धरला. अर्ध्या वाटेवर ताईचा फोन आला. त्याने गाडी कडेला घेतली.

"काय झालं? ओळखली का?"

"नाही."

"अरे रे," ताई म्हणाली. स्वतःचं खरं ठरल्याचं तिला खरोखरच वाईट वाटलं होतं. "मग मी कळवते त्यांना, खोली घेतो म्हणून."

"नको, नको. ऐक. आपली ओळखली नाही, पण दुसरी ओळखली."

"दुसरी कुठली?"

"आपलीच. म्हणजे आता ती एका बेकरीवाल्या बाईची आहे."

"तू आपली गाडी विकलीस?"

"नाही गं. गाडी माझ्याकडेच आहे. मी तिच्यातच बसलोय. पण ती आपली नाही. म्हणजे नंबर आपला आहे, बाकी... ताई, ते जाऊ दे. त्यांनी ही ओळखली नाही, म्हणूनच ते ठणठणीत आहेत. ओळखली असती तर काळजी होती."

"तू बरा आहेस ना?" ताईने विचारलं.

"खोली नको म्हणून सांग."

"कुणाला खोली नको?" शेजारून बाबांनी विचारलं.

दंतवैद्याने फोन कानापासून दूर धरला. "तुम्हाला," तो म्हणाला. "ताईच्या घराजवळ एक जागा आहे. तिथे तुम्हाला ठेवायचं का, असं चाललं होतं."

"मला?"

"हो."

"मग मला विचारायचं."

रस्त्यावरून एक बस गेली. महिनाभर ताई आणि तो या गोष्टीवर भांडत होते. बायकोचं मत घेतलं होतं, ताईच्या नवऱ्याचं घेतलं होतं, एका गाडीचंही घेतलं होतं.

"जायचंय तुम्हाला?" त्याने विचारलं.

बाबांनी विचार केला. चांगला सावकाश केला. "नाही," ते म्हणाले. "आत्ता तरी नाही. पुढे विसरायला फार लागलो तर जाईन. तोवर तुझ्याकडेच बरा आहे."

दंतवैद्याने फोन पुन्हा कानाला लावला. "ताई, बाबांना विचारलं."

"ऐकलं मी."

"नाही म्हणाले."

"हो. ऐकलं." ताईने नाक ओढलं. "मग हे गाडीचं काय मधेच काढलं होतंस तू?"

दंतवैद्याने समोरच्या चकचकीत लाल बॉनेटकडे पाहिलं. "बाबांना आधी घरी पोचवतो," तो म्हणाला आणि त्याने चावी फिरवली.